आक्काच्या गुलाबांचा ताण

आक्का गेल्याचं मला कळलं ते समोरच्या एसटीडी बूथवाल्याकडून. पाथर्डीतल्या माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीशी येऊन तो म्हणाला, "श्रीरामपूरहून फोन हाय, तुमच्या भैनीचा... म्हंजे, भैनीबद्दल." झोपेतच गेली होती. दसरा नुकताच होऊन गेला होता. मिळेल त्या जीपमध्ये, पुढे एसटीत स्वतःला कोंबून मी पोचलो, तर घरी ही गर्दी, आणि त्या गर्दीत अकलेचा दुष्काळ.

आक्का माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर घरामागे गुलाब लावले. माणसांचं तिला फारसं कौतुक नव्हतं. "बावळटांना हंगाम नसतो रे, बारमाही येतात," असं म्हणायची. गुलाबांना मात्र हंगाम होता. दसरा झाला की ती त्यांना ताण द्यायची. ताण म्हणजे पाणी बंद. खुरप्याने बुडाची माती ओढून मुळांना ऊन दाखवायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की सिकेटरने फांद्या छाटायच्या, खड्ड्यात शेणखत भरायचं आणि मगच पाणी सोडायचं. मग थंडीत झाड फुलांनी लगडतं. आमच्याकडे मोसंबीच्या बागांना लोक असाच ताण देतात, पण अंगणातल्या गुलाबाला दिला की कॉलनीला वाटायचं, म्हातारी झाडांचे हाल करते. शेजारच्या हौसाबाईंनी एकदा न राहवून कुंपणावरून तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा आक्काने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं. "दया उतू चाललीय ना? मग नवऱ्याला दोन घास जास्त वाढा. माझी झाडं तुमच्यापेक्षा शहाणी आहेत!"

आणि नेमकी ती गेली ती ताण चालू असताना. मुळं उघडी, पानं पिवळी, खतासाठी आणलेलं पोतं तसंच टेकवून ठेवलेलं. ते पाहून मंडळींना जो काही गहिवर आला, विचारू नका. "बघा हो, मुकी झाडंसुद्धा सुकली त्यांच्यामागे!" तिसऱ्या दिवशी अंगणात शोकसभा झाली. तिथे कॉलनीतल्या एका पुढाऱ्याने, ज्याला आक्का दारात उभं करत नसे, डोळे पुसत जाहीर केलं, "या गुलाबांनीही अन्नपाणी वर्ज्य केलं आहे!" वर्ज्य कसलं, डोंबलाचं? पाणी तिनेच तोडलं होतं की! पण शोकसभेत खरं बोलणं म्हणजे तेराव्याच्या जेवणात मिरची मागण्यासारखं, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसलो हेच चुकलं. सभा संपते न संपते तोच आमच्या मामांनी स्वयंपाकघरातून बादली आणून दोन झाडांना आंघोळ घातली, आणि वर माझ्याकडे पाहून म्हणाले, "तेवढाच आत्म्याला थंडावा." मामांना मोठेपणाचा मान द्यायचा असतो, तो कसाबसा दिला.

तिच्या हातचं शेवटचं काम अर्धं पडलं होतं. ते या लोकांच्या कळवळ्यातून वाचवायचं, एवढंच मला करण्यासारखं उरलं होतं. मग मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि जो तांब्या घेऊन येईल त्याला परत पाठवू लागलो. भाऊ भ्रमिष्ट झाला, असं ठरलं. पानं गळायला लागली तशी मी खिळ्यावरची सिकेटर काढली, तर आत्या आडवी आली. "सुतकात कातर चालवतोस? दहावा तरी होऊ दे."

"झाडांना सुतक नसतं, आत्या."

"तुला तरी आहे ना!"

तरी मी छाटलं. आक्का छाटायची तसं, निर्दयपणे, गुडघ्याएवढं ठेवून. खड्ड्यांत शेणखत भरलं, माती परत ओढली. आता पाणी द्यायचं, तर झारी सापडेना. आक्काची पत्र्याची हिरवी झारी... घर धुंडाळलं, माळा पाहिला. कुण्या शोकाकुलाने लांबवली असणार, असं म्हणून मी चार शिव्या हासडल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून हौसाबाई झारी घेऊनच आल्या. माझं तोंड आक्काच्याच वळणाचं. "तुमच्याकडे कशी आली ही?"

"दर साली माझ्याकडंच असती की. पानी तोडलं की आनून द्यायच्या. म्हनायच्या, हौसा, मी मागाया आले तरी द्यायची न्हाई."

"आणि यायची मागायला?"

"रोज सांजच्याला. दारात हुब्या ऱ्हायच्या. लई वाळलीत गं, म्हनायच्या, एक डाव दे. मी न्हाई म्हनायची. मग मला शिव्या घालून जायच्या."

मला हसू फुटलं. "अहो, घरात बादली होती, नळ होता. घालायचं तर त्याने घातलं असतं."

"व्हय की," हौसाबाई म्हणाल्या. "तरी यायच्या."

माझी शहाणी, कठोर, जगाला तुच्छ लेखणारी आक्का... हौसाबाईंकडे पाठ करून मी झारी भरायला लागलो.

आता थंडी पडलीय, आणि मी अजून आक्काच्याच घरी आहे. गुलाब कळ्यांनी वाकलेत. मामांनी न्हाऊ घातलेल्या दोन झाडांना नुसता पालाच पाला आहे. ती मी मुद्दाम ठेवलीत, मामांना दाखवायला. झारी मागच्या दारात आहे. पुढच्या दसऱ्यानंतर ती हौसाबाईंकडे नेऊन देईन. आणि संध्याकाळी मागायला जाईन. त्यांनी नाही म्हणावं.