मोर पाहण्याचा कार्यक्रम

पुण्यात हल्ली संगणकवाले जावई पैशाला पासरी झालेत, पण त्यांना भल्या सकाळी रानात नेऊन पारखणारा सासरा अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. नशिबी म्हणतो, कारण या पारखणीला त्यांना एक साक्षीदार लागतो. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. "अहो, उद्या एक स्थळ आहे. बूट घालून या," एवढाच त्यांचा फोन. स्वतःचं म्हणणं संपलं की रिसीव्हर खाली. पलीकडच्याचं ऐकायला आपण फोन घेतलेला नाही, असं त्यांचं मत आहे.

साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मुलीबरोबर राहू लागले. मुलगी मुक्ता, हिंजवडीला नोकरी करते. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. दर रविवारी सकाळी कात्रजच्या बाजूच्या डोंगराला लागून असलेल्या वनउद्यानात जायचं, हा साडूंचा नेम. आता माणूस बागेत जातो तो चार पावलं चालायला, गप्पा मारायला. हे जातात ते परगावच्या मोठ्या घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखे. पायवाटेवर मुंगूस आडवं आलं तर थांबून म्हणतात, "आधी त्यांना जाऊ द्या." बोलायला बंदी. खोकायला परवानगी आहे, पण कारण द्यावं लागतं. एकदा मी न राहवून "ससा!" असं ओरडलो. कात्रजचा चौक येईपर्यंत त्यांनी माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. चौकात स्कूटर थांबवून म्हणाले, "ससा आम्हालाही दिसला होता. आम्ही त्याला तसं कळवलं नाही." कोणी वेफर्सचं रिकामं पाकीट टाकलं, तर हे ते उचलणार, त्या कुटुंबाच्या मागे धापा टाकत जाणार आणि अदबीने हातात ठेवून "आपलं काही राहिलं" म्हणणार. एका बाईंनी बिचाऱ्यांना "थँक्यू अंकल" म्हटलं, तेव्हा मात्र त्यांचा दिवस खराब गेला.

मुक्ताला स्थळं येऊ लागली तशी त्यांनी कांदेपोह्यांची प्रथा एका वाक्यात निकालात काढली. "खुर्चीत बसून पोहे कोणालाही खाता येतात. माणूस कळतो तो चढावर." झालं! नवऱ्या मुलाने सहा वाजता उद्यानाच्या फाटकाशी हजर राहायचं. पहिला सेंट फवारून आला. साडू म्हणाले, "हे मोर बघायला आलेत की मोराला दाखवायला?" दुसऱ्याचा मोबाइल झाडाखाली वाजला आणि त्या झाडावरची सगळी पाखरं उडाली. तिसऱ्याने वानराला बिस्किट दिलं. "ज्याला परक्या वानराला नाही म्हणता येत नाही, तो साहेबाला काय नाही म्हणणार?" चौथ्याने काहीच केलं नाही. त्याच्याबद्दल साडू म्हणाले, "काहीच करत नाही." माझी बायको चिडून म्हणायची, "भाऊजींना मुलीचं लग्न करायचंय की वनखात्याची भरती?" मुक्ता हसायची आणि पुढच्या रविवारी बापाबरोबर पुन्हा चालायला जायची.

मग एक दिवस तीच म्हणाली, "बाबा, ऑफिसातला एक मुलगा आहे. मला तो पसंत आहे. तुम्हाला रानात न्यायचं तर खुशाल न्या. पण त्याला कंपनी अमेरिकेला पाठवतेय, आणि लग्न झालं तर मीही जाणार." साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला फोन केला. या वेळी बुटांचंही बोलले नाहीत.

मुलगा चंद्रपूरकडचा, जंगलाच्या कडेला वाढलेला. मातकट शर्ट घालून आला, मोबाइल फाटकापाशीच बंद केला आणि मुक्ता, साडू आणि मी अशा आम्हा तिघांच्या मागून असा चालू लागला, की हा आहे की परत गेला हे मला वळून पाहावं लागे. एका दगडापाशी तो थांबला आणि त्याने साडूंना नुसत्या नजरेने दाखवलं. दगडाखाली घोरपड होती. साडूंना ती दिसली नव्हती! माझा तर आनंद पोटात मावेना. साडूंचा चेहरा मात्र उतरत चालला. नापास करायला एवढंसं कारण मिळेना.

वळणावर भर वाटेत मोर. पूर्ण पिसारा फुलवलेला. आम्ही चौघं जागच्या जागी थांबलो. मुलगा मोराकडे बघत होता, मुक्ता मुलाकडे, आणि साडू मुक्ताकडे. आणि मग ज्या माणसाने मला एका सशापायी कात्रजपर्यंत माफ केलं नव्हतं, त्याने दोन्ही हातांनी फाडफाड टाळ्या वाजवल्या. "चला, चला! उशीर झाला!"

मोराने पिसारा मिटला आणि तो करवंदीच्या जाळीपलीकडे गेला.

"मोर काही नीट दिसला नाही," साडू कोणाकडेच न बघता म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा बघू."

"बाबा, टाळ्या तुम्ही वाजवल्यात."

"हो."

"का?"

साडू खडकावर बसले. चष्मा काढून पुसू लागले, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले. इतकी वर्षं मी या माणसाला वैतागलो, पण त्या वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली. पुण्यात साडूला कोणी मिठी मारत नाही, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. मुक्ता त्यांच्याजवळ खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. साडूंनी चष्मा चढवला आणि त्या मुलाकडे वर पाहिलं.

"हिला सकाळी जाग येत नाही," ते म्हणाले. "गजर बंद करून झोपते. मी उठवतो रोज. तिकडे आपण उठवाल ना?"

"उठवीन," तो म्हणाला.

"हाकेने उठत नाही. पांघरूण ओढावं लागतं. पण एकदम ओढू नका. तिला थंडी वाजते."