टेकलेल्या टाचा

तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहितो. काल तात्या आपली जुनी शंभर सीसीची मोटारसायकल विकण्याचे प्रतिज्ञापत्र करावयास आले. तिच्या बदली, सोबत आलेल्या मित्राची, बापूंची, साडेतीनशे सीसीची घ्यावयाची होती.

"बसून तर बघा," बापू म्हणाले.

तात्या बसले आणि त्यांच्या टाचा चार बोटे अधांतरी राहिल्या.

"सिग्नलला नाचणार काय, तात्या?" मी विचारले.

"हेल्मेट आहे की!"

"ते डोक्याला. पाय कोण टेकणार?"

उन्नतीसाठी मनुष्य प्रथम जमीन सोडतो, असे माझ्या मनी आले.

"जुनीवर दोन्ही पाय टेकतात. मागं आमची मंडळी निवांत डुलकी काढते," तात्या पुटपुटले आणि सही न करताच जुनीवर बसून निघून गेले.

प्रतिष्ठेस्तव मी खुर्चीखाली चार विटा ठेवल्या आहेत. खाली पाहिले, तो माझ्याही टाचा अधांतरीच! तत्काळ पाचवी वीट आणून पायांखाली घेतली.