माझं मीटर आणि कमलचं पाणी

एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि मग पालीला जाऊन वाहतं पाणी खोटं ठरवलं.

बीडजवळच्या या पालीत माझी धाकटी बहीण कमल राहते. तिच्या मोसंबीच्या बागेतल्या सोलर पंपाचं पाणी कमी झालं होतं. दाजी कंपनीचा मेकॅनिक बोलावणार होते. मला रागच आला. घरात विज्ञानाचा मास्तर असताना परका माणूस कशाला? पॅनेलमधून करंट किती येतो ते मोजलं की झालं!

मीटर घ्यायला मी बीडला गेलो. दुकानदारानं विचारलं, "सर, एसी मोजायचाय का डीसी?" (हे मला विचारतो! हाच प्रश्न मी जन्मभर पोरांना परीक्षेत घातलाय.) मी त्याला गप्प केलं आणि सगळ्यात भारदस्त दिसणारं, तारेला चिमट्यासारखं लावायचं मीटर स्वतः निवडलं.

पालीत पॅनेलच्या तारेला चिमटा लावला. शून्य. दुसऱ्या तारेला लावला. तिथंही शून्य. पॅनेल मेलेत, कंपनीनं आपल्याला फसवलंय, असं मी जाहीर करून टाकलं.

"दादा, पन पंप चालू हाय की," कमल म्हणाली. "पानी पडाय लागलंय."

पडत होतं खरं. माझ्या चपला भिजल्या होत्या. पण मीटर नवंकोरं होतं आणि निवड माझी होती, म्हणून मी पाण्यावरच अविश्वास दाखवला. पाइपात आधीचं साठलेलं असेल, म्हणालो. दाजी पाऊण तास ते संपायची वाट बघत उभे राहिले. संपेना. तेव्हा मी कंपनीला फोन लावून चोर, लबाड असं बरंच काही सुनावलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आली. सुरेखा, माझीच जुनी विद्यार्थिनी! तिनं माझं मीटर उलटसुलट करून पाहिलं.

"सर, ह्याच्यावर निस्ती नागमोडी रेघ हाय. हे घरातल्या लाइटीचं. सोलरचा करंट डीसी. त्याला सरळ रेघेचं मीटर लागतं."

तिनं स्वतःचं मीटर लावलं आणि आकडा टुणकन वर आला. पॅनेल ठणठणीत होते. विहिरीत पंपाच्या जाळीला शेवाळ अडकलं होतं, एवढंच.

हे सगळं कुठं शिकलीस, असं मी कसनुसं विचारलं.

"तुमीच शिकवलंत की, सर. दहावीत. त्या तासाला मी हजर व्हते."

मी जन्मभर हजेरी फक्त पोरांचीच घेतली, स्वतःची कधीच नाही. तिथंच चुकलं.