आचाऱ्यांचा अदमास

डिसेंबरचा दुसरा रविवार. ताटाला तीनशे रुपये ठरले, तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरी मी, पत्नी आणि आचारी एवढेच होतो. मुलीच्या साखरपुड्याला ब्याऐंशी माणसं येतील, असं मी सांगितलं. घरोघरी फोन करून यादीवर खुणा केल्या होत्या. व्याह्यांसमोर श्रीखंड कमी पडलेलं मला चाललं नसतं.

आचाऱ्यांनी यादी बाजूला सारून पत्रिका मागितली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "अदमासे सव्वाशे."

"अहो, अदमास म्हणजे न मोजता ठोकलेला आकडा."

"काका, 'कृपया आहेर आणू नये' असं छापलंय तुम्ही. आता घरी कोण थांबतंय?"

पत्नी हसली, आणि तिनेच सव्वाशेचं सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी मी ताटं मोजली. एकशे चोवीस. श्रीखंड पुरलं.

"एकाने चुकलात," मी समाधानाने म्हणालो.

आचारी पातेल्याशेजारी मांडी घालून स्वतःचं ताट वाढून घेत होते. "यजमान आचाऱ्याला मोजत नाहीत, हे धरूनच अदमास करायचा असतो."

सव्वाशे ताटांचे साडेसदतीस हजार रुपये मी त्यांच्या हातात ठेवले. ते मात्र त्यांनी दोनदा मोजून घेतले.