याडीचा ढावलो

आमच्या शेजारी मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरून लेकाकडे राहायला आलेली एक म्हातारी आहे. सगळी गल्ली तिला याडी म्हणते, म्हणजे आई. ती दार वाजवत नाही, बोलतच आत येते. प्रत्येक वाक्यानंतर 'आयकलं का?' विचारते आणि उत्तराला थांबत नाही. कधी कधी वैतागच येतो.

परवा दुपारी मी व्हायोलिन-पियानोचा एक सोनाटा लावला होता. नॉर्वेच्या कुणा जुन्या संगीतकाराने तिथल्या खेड्यांतल्या धुनांवरून रचलेला. शिकायला परदेशी गेलेल्या माझ्या मुलीच्या आवडीचा. संथ भाग सुरू झाला आणि याडी डोक्यावर ओढणी घेत धावतच आली.

"कोनाची पोर चालली सासरी? ढावलो आयकू येऊन राह्यला, आयकलं का?"

तांड्यात लेक निघाली की बायका तिच्या गळ्यात पडून गात रडतात, तो ढावलो.

"लग्न नाही, याडी. गाणं लावलंय पोरीच्या आवडीचं."

"मंग तुही पोर गेली तवा कोन रडलं?"

या वेळी ती उत्तरासाठी थांबली. आम्ही तर हसून फोटो काढले होते.

याडीने माझ्या गळ्यात हात टाकले आणि व्हायोलिनच्या सुरात सूर लावला. सोनाटा संपला, तरी आम्ही दोघी थांबलो नाही.