काकूंची जावईपरीक्षा

जावई पारखण्यात आमच्या शेजारच्या काकूंचा हात धरणारं माणूस अख्ख्या सिल्वासात सापडायचं नाही. पत्रिका, पगार, नोकरी कायम की कंत्राटी, सगळं त्यांच्या लेखी दुय्यम. मुलीला बघायला कोणी आला की कांदेपोह्यांच्या बशीबरोबर त्याच्यासमोर जुन्या काळातला एक विलायती सिनेमा लागे. पांढऱ्या केसांचा टोप घातलेला उमराव गोड बोलून एका साध्यासरळ बाईला नादी लावतो आणि भर मेजवानीत तिला झिडकारतो, अशी त्याची गोष्ट. काकूंना त्यातलं इंग्रजी ओ की ठो कळत नसे. पण त्या पडद्याकडे बघतच नसत, खुर्ची तिरकी लावून मुलाचा चेहरा वाचत बसत.

वापीचा एक इंजिनियर उमरावाच्या डावपेचांवर खूश होऊन हसला, तर काकूंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्याने झगे आणि झुंबरांचं कौतुक केलं, तोही बाद. मी म्हटलं, "काकू, अशाने मुलगी घरातच राहील." त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, पोह्यांवर खोबरं पेरत म्हणाल्या, "राहू दे गो. फसण्यापेक्षा बरं."

त्याला कारण होतं. मुलीचं ठरलेलं लग्न एकदा पत्रिका वाटून झाल्यावर मोडलं होतं. तो मुलगा भारी लाघवी. काकूंनीच हौसेने पसंत केलेला. त्यानंतर मायलेकी त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या आणि त्या गप्प बसण्याचं मला फार वाईट वाटायचं.

मग जवळच्याच सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यातला, धुळ्याकडचा एक मुलगा आला. रात्रपाळी करून आलेला बिचारा सिनेमा सुरू होताच बसल्याजागी झोपला. काकूंनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. झोपणाऱ्याला गुण कसे द्यायचे, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. मेजवानीच्या गलक्याने तो जागा झाला, रडणाऱ्या बाईकडे बघत राहिला आणि ओशाळून म्हणाला, "काकू, हिचं कोनी नही का? माय बी नही?"

"आई आहे की," काकू म्हणाल्या. मग खुर्ची सरळ करत, "पण आईच भुलली होती त्याच्या बोलण्याला. पोरीचा काय दोष?"

चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. ट्रे माझ्या हातात देऊन ती आईला अगदी चिकटून बसली. आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून तो मुलगा माफी मागू लागला.

आता ती त्याच्याबरोबर सायलीला असते. काकूंची संध्याकाळ जात नाही, म्हणून मी जाऊन बसते. परवा विचारलं, "काकू, त्या बाईचं पुढे काय होतं, एकदा शेवटपर्यंत बघू या का?"

"नको गो," त्या म्हणाल्या. "आईकडे गेली असेल, असं धरून चालू."