ओट्यावरचा दगड

चिमूरकडच्या एका तलावाची पाळ उंच करायची होती. धानाला पाणी वाढणार म्हणून गाव खूश होतं. पलीकडच्या काठावर मासेमारी करणाऱ्यांची चार घरं होती, तिथे मात्र कुणी हसत नव्हतं. वाढलेलं पाणी त्यांच्या घरात शिरणार की नाही, हे मोजून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलंच घर एका म्हाताऱ्या बाईचं. दाराच्या जागी पोतं लटकत होतं आणि नवंकोरं सागाचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "घर राह्यते का बुडते, ठाव नाई. मंग दार काऊन बसवू भाऊ?"

आमच्याकडे तेव्हा नुकतीच जीपीएसची यंत्रं आली होती आणि मी त्यांच्यावर भलताच फिदा होतो. गाव आणि ती घरं यांच्यामध्ये दाट जंगल. जुन्या दुर्बिणीने उंची मोजत गेलो असतो तर झाडोरा तोडता तोडता जीव गेला असता. आता एक यंत्र गावातल्या सर्वेच्या जुन्या दगडावर, कारण त्याची उंची कागदावर होती, आणि दुसरं बाईच्या अंगणात. दोन्ही यंत्रं एकाच वेळी उपग्रहांचे संदेश घेतात, त्यावरून दोन जागांच्या उंचीतला फरक निघतो. पाणी किती उंचीपर्यंत चढणार, ते पाळीच्या आराखड्यात होतंच. गावाने त्या दगडाला शेंदूर फासून देव केला होता. ओट्यावरच्या देवाच्या डोक्यावर यंत्र उभं करायचं म्हणून मी चपला काढल्या, नारळही फोडला.

हिशोब आला आणि माझं तोंड उतरलं. चारही घरं पाण्याखाली, बाईच्या घरात तर गुडघाभर.

लाल रंगाचा डबा घेऊन मी तिच्या भिंतीवर पाण्याची खूण करायला गेलो. तिला सांगायचं कसं, या विचाराने वाटभर ड्रायव्हरवर उगाच खेकसत होतो. बाईने आधी चहाच पुढे केला.

"त्या देवावर तुमी यंत्र लावलं नं, तवाच वाटलं, आपलं भलंच होते. मागच्या सालीच त्याले उचलून ओट्यावर बसवलं. पहिले भुईवरच होता बिचारा, बकऱ्या अंगावर चढत."

मला ठसकाच लागला. "उचलून? तोच दगड?"

"तोच. लय जड होता."

मी समजत होतो, ओटा दगडाभोवती बांधलाय. कागदावरची उंची भुईवरच्या दगडाची, आणि देव तर कमरेइतका वर जाऊन बसलेला! त्याच्यापासून मोजलेलं प्रत्येक घर हिशोबात तेवढंच खाली गेलं होतं. यंत्र बिचारं बरोबरच सांगत होतं. मी लगोलग शेजारच्या गावातल्या सर्वेच्या दगडावर यंत्र नेलं. तो कुणी हलवला नाही ना, हे आधी दिसेल त्याला विचारून घेतलं.

नवा हिशोब मी पुन्हा पुन्हा तपासला. चारही घरं कोरडी.

जीपमधून उतरलो तो ओरडतच. "बाई, घर राहतं तुमचं!"

ती पोतं बाजूला सारून आत गेली आणि जरा वेळाने पदराने डोळे पुसत बाहेर आली. तोवर मी अंगणातच फतकल मारली होती. इतकं सुटल्यासारखं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"मंग आता देवाले खाली आना लागते का?" तिने काळजीने विचारलं.

"नको बाई. बसू द्या वरच."

मग तिची नजर जीपमधल्या लाल डब्याकडे गेली.

"तो रंग आता तुमच्या कोनत्या कामाचा? इथी ठेवा. दाराले होते."

डबा सरकारी होता. तिथेच ठेवून आलो.